घडीच्या बंदुकीची जन्मतारीख

"एकनळी, बारा बोअर, विलायती, क्रमांक नाही." शस्त्र परवान्यांच्या जुन्या नोंदवह्या चाळताना अशा प्रकारची नोंद पुन्हा पुन्हा भेटते. नोंद करणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले असते. परवानाधारक आणि बंदूक दोन्ही त्याच्या समोर असतात आणि शुल्क भरलेले असते. पुढे पन्नास-साठ वर्षांनी परवानाधारक हयात नसतो आणि त्याचा नातू वारस म्हणून कचेरीत येतो. त्या वेळी या नोंदीतून काहीही सिद्ध होत नाही. समोर ठेवलेली बंदूक आणि नोंदवहीतली बंदूक एकच आहे हे कोण सांगणार? ते सांगता आले नाही तर कायद्याच्या नजरेत नातवाच्या हाती असलेले शस्त्र विनापरवाना ठरू शकते. म्हणून जुन्या बंदुकीचे मूळ आणि वय ओळखणे ही केवळ हौशी संग्राहकांची करमणूक नाही, तो प्रशासनाचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जबलपूर हे फार सोयीचे ठिकाण आहे. १८१८ साली नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून हा प्रदेश कंपनी सरकारकडे गेला, १८६१ साली तो मध्य प्रांतात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच त्याची राजधानी होती. त्यामुळे नोकरी, वकिली आणि रेल्वेच्या निमित्ताने तेथे गेलेली मराठी घराणी आजही शहरात आहेत. भोवती मंडला आणि सिवनीची जंगले असल्याने एके काळी शिकार आणि पीकसंरक्षण या दोन्ही कारणांसाठी बंदुका बाळगल्या जात. शिवाय शहराचा स्वतःचा संबंध शस्त्रांशी आहे. येथे १९०४ साली तोफगाडे बनविण्याचा सरकारी कारखाना सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला.

अशा शहरातील जुन्या घरांत क्वचित आढळणारी एक चीज म्हणजे घडीची बंदूक. नेहमीची काडतुसाची बंदूक मधोमध मोडते, पण नळीचे तोंड जेमतेम खाली झुकते, काडतूस आत सरकविता येईल एवढेच. घडीच्या बंदुकीत बिजागरीचा खिळा आणि नळीखालची लाकडी पट्टी अशा रीतीने बसविलेली असते की नळी पूर्ण फिरून दस्त्याच्या पोटाशी येऊन टेकते. चाकू मिटावा तशी बंदूक मिटते आणि तिची लांबी जवळजवळ निम्मी होते. बहुतेक वेळा ती एकनळी असते, वजनाला हलकी असते आणि पुष्कळदा चापाच्या पुढे असलेली एक कळ दाबून उघडते. युरोपात ती लहान शेतकऱ्यांची, सायकलवरून रानात जाणाऱ्यांची आणि जमीनदाराच्या रानात चोरून ससे मारणाऱ्यांची बंदूक म्हणून ओळखली जाई. कोटाखाली लपते हा तिचा लौकिक होता. श्रीमंतांच्या नक्षीदार दुनळीप्रमाणे तिच्यावर कारागिराचे नाव मिरविलेले नसे, आणि तिची ओळख पटविणे अवघड होण्याचे हेच पहिले कारण आहे.

दुसरे कारण म्हणजे घरात चालत आलेल्या कथा. जबलपुरात अशा दोन कथा सहज तयार होऊ शकतात. पहिली, की ही बंदूक सत्तावनची आहे. १८ सप्टेंबर १८५७ रोजी गोंड राजा शंकर शाह आणि त्यांचा पुत्र रघुनाथ शाह यांना याच शहरात तोफेच्या तोंडी देण्यात आले आणि त्यानंतर ५२ व्या देशी पलटणीने बंड केले. अशा शहरात जुनी बंदूक सत्तावनची ठरावी हे स्वाभाविक आहे. दुसरी कथा अशी, की बंदूक इथल्याच कारखान्यात बनली. या दोन्ही कथांची परीक्षा कागदपत्रांवाचूनही करता येते, कारण यंत्ररचना स्वतःच साक्ष देते. सत्तावन साली हिंदुस्थानातील सैन्याच्या हाती सर्वसाधारणपणे ठासणीच्या बंदुका होत्या, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरली जाई. मागून मोडणारी बंदूक फ्रान्समध्ये लफोशे याने १८३० च्या दशकात आणली होती, पण तिच्या काडतुसाला बाहेर डोकावणारी पिन असे. काडतुसाच्या तळाच्या मध्यावर टोला बसणारी पद्धत १८६० नंतरच सर्वत्र रूढ झाली. घडीच्या बंदुकीला आजचे मध्यटोल्याचे काडतूस लागत असेल तर ती सत्तावनची असू शकत नाही, मग घरातील ज्येष्ठांचा आग्रह काहीही असो. दुसऱ्या कथेबाबत एवढेच पुरे, की तोफगाडा कारखान्याचे काम नावाप्रमाणेच तोफांचे गाडे बनविण्याचे होते. शिकारी बंदुकीचे मूळ शोधायचे तर नजर दुसरीकडे वळवावी लागते.

ती बहुधा बेल्जियममधील लिएज शहराकडे वळते. लिएज आणि आसपासच्या खेड्यांत बंदूक-उद्योग घरोघर पसरलेला होता. कोणी नळी घासे, कोणी कुलूप बसवी, कोणी दस्ता कोरी, आणि व्यापारी हे भाग एकत्र करून सांगाल त्या नावाने बंदूक विकी. स्वस्त एकनळी आणि घडीच्या बंदुका तेथून जगभर गेल्या. इंग्रजी वाटेल असे नाव कोरून घेणे हाही त्या व्यापाराचा भाग होता. म्हणून नळीवरील मोठ्या अक्षरांतील नावावर विसंबून चालत नाही. खरे बोलतात ते नळीच्या मागच्या टोकाला, बंदूक मिटलेली असताना झाकले जाणारे बारीक ठसे.

हे ठसे म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. युरोपातील अनेक देशांत बंदूक विकण्यापूर्वी ती सरकारमान्य परीक्षणगृहात न्यावी लागे. तेथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळी टिकते का ते पाहात आणि टिकली तर ठसा मारीत. लिएजचे परीक्षणगृह १६७२ पासूनचे. त्याचा मुख्य ठसा म्हणजे लंबवर्तुळात ई, एल, जी ही तीन रोमन अक्षरे. १८९३ च्या जुलैपासून या लंबवर्तुळावर मुकुट आला. मुकुट नसेल तर बंदूक त्याआधीची. तपासनीसाच्या अक्षरावर १८७७ पर्यंत मुकुट असे, त्यानंतर तारा आला. पेरॉन नावाचा एक दगडी स्तंभ हे लिएजचे मानचिन्ह असून तोही ठशांत दिसतो. आणि १९२२ पासून या परीक्षणगृहाने वर्षासाठी एकेक लहान अक्षर मारण्यास सुरुवात केली. पहिले अक्षर १९२२ चे, दुसरे १९२३ चे, अशा क्रमाने. ज्याला हे ठाऊक आहे त्याला नखाएवढ्या जागेत बंदुकीचा जन्मदाखला वाचता येतो.

इतर देशांचीही अशीच लिपी आहे. बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाचा ठसा १८१३ पासून १९०४ पर्यंत मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड असा होता. १९०४ पासून मुकुटाखाली अक्षरे आली. १९२५ नंतर परदेशी बंदूक तेथे तपासली गेल्यास तिच्यावर "इंग्लिश बनावटीची नाही" अशा अर्थाचे शब्द उमटविले जात. आपल्या नोंदवह्यांतील कित्येक "विलायती" बंदुकांवर हे शब्द भिंगाखाली सापडले तर नवल नाही. जर्मन बंदुकांवर अनेकदा परीक्षणाचा महिना आणि वर्ष आकड्यांत असते. त्सेला-मेहलिस हे गावाचे नाव दिसले तर बंदूक १९१९ नंतरची, कारण त्सेला आणि मेहलिस ही दोन गावे त्या वर्षी एक झाली. स्पेनमधील बंदुकांवर १९२७ पासून वर्षदर्शक अक्षरे आहेत. घडीच्या बंदुकांचे दुसरे मोठे माहेर म्हणजे इटलीतील ब्रेशा प्रांत, आणि तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर वर्ष रोमन अंकांत घालण्याची पद्धत पडली. नळीवर कॉकरिल पोलादाचा उल्लेख असेल तर तेही लिएजकडे बोट दाखविते, कारण कॉकरिलचा कारखाना लिएजलगतच्या सेरँ येथे होता.

मापाचाही उपयोग होतो. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येईल तो, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. इंग्लंडमध्ये ज्या लहान बंदुकीला चारशेदहा म्हणतात तिलाच युरोपात छत्तीस म्हणतात. मूळ परवान्यात "३६ बोअर" आणि नूतनीकरणात ".४१०" अशा नोंदी झाल्या तर वरवर पाहता दोन वेगळ्या बंदुका दिसतात. प्रत्यक्षात फरक कारकुनाच्या पुस्तकाचा असतो, बंदुकीचा नसतो. पण चौकशी अधिकाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नसेल तर तो वारसावर बंदूक बदलल्याचा संशय घेणार हे उघड आहे.

मग नळीवर कोरलेले कलकत्त्याचे किंवा मुंबईचे नाव कशाचे? ते बहुधा विक्रेत्याचे असते. येथे जबलपूरचे स्थान लक्षात घ्यावे लागते. अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग १८६७ साली जबलपूरपर्यंत पोहोचला आणि मार्च १८७० मध्ये तो मुंबईकडून आलेल्या मार्गाला जोडला गेला. मुंबई-कलकत्ता हा सलग रेल्वेप्रवास येथूनच शक्य झाला. म्हणून जबलपूरच्या गिऱ्हाइकाला दोन्ही महानगरांची दुकाने सारखीच जवळ होती. विक्रेत्याचे नाव बंदुकीचे जन्मगाव सांगत नाही, मात्र काळ सांगण्यास मदत करते. उदाहरणार्थ, लंडनच्या आर्मी अँड नेव्ही या विक्रेत्या संस्थेच्या नावात १९३४ पर्यंत "सहकारी संस्था" असे शब्द होते, नंतर ते गेले. अशा लहान बदलांवरून दहा-वीस वर्षांचा पल्ला निश्चित करता येतो.

याचा अर्थ असा, की बंदुकीला तीन जन्मतारखा असतात. एक ती तपासली गेली तेव्हाची, दुसरी ती विकली गेली तेव्हाची आणि तिसरी ती आपल्या नोंदवहीत आली तेव्हाची. प्रशासनात आपण फक्त तिसरी तारीख खरी मानतो. तसे मानणे का धोक्याचे आहे, हे शस्त्र कायद्याच्या इतिहासावरून कळते.

सत्तावननंतर इंग्रजांनी प्रथम त्याच वर्षीच्या आणि नंतर १८६० च्या कायद्याने शस्त्रांवर नियंत्रण आणले. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या कायद्याने परवाना पद्धत देशभर पक्की केली. परंतु त्याखालच्या नियमांत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन व्यक्तींना सूट होती. ही वर्णभेदाची सूट १९२० च्या नियमांनी काढली गेली. म्हणजे त्यापूर्वी जबलपूरच्या छावणीतील वा रेल्वेतील एखाद्या साहेबाकडे बंदूक असली तर ती परवान्याच्या नोंदवहीत असण्याचे कारणच नव्हते. साहेब निवृत्त होऊन निघाला, त्याने बंदूक एखाद्या वकिलाला किंवा मालगुजाराला विकली, तर तिची पहिली नोंद त्या दिवशीची. नोंदवहीतील बंदूक १९२२ ची आणि ठशांवरून ती १८९० ची, असे होऊ शकते, आणि त्यात कोणाचीही लबाडी नसते. ती उणीव कायद्यातील भेदभावाने मागे ठेवलेली असते.

हिंदी माणसाला स्वतःच्या देशात परवाना आणि परक्याला सूट, हे शल्य मोठे होते. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. १९२७ साली नागपुरात मंचरशा आवारी यांनी परवान्याशिवाय तलवारी घेऊन मिरवणुका काढल्या आणि कारावास पत्करला. "जनरल आवारी" हे नाव विदर्भातील जुन्या पिढीला ठाऊक असे. गांधीजींनी त्या सत्याग्रहाला पाठिंबा दिला नाही, तरी १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांत मोजला गेला. स्वतंत्र भारताच्या संविधानात तो मूलभूत हक्क म्हणून आला नाही. १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. परवाना कायम राहिला, पण तो देताना वर्ण पाहण्याची पद्धत कायमची गेली.

क्रमांकाची ताकद किती असते हे सरकारला १९१४ सालीच कळले होते. त्या वर्षी २६ ऑगस्टला कलकत्त्याच्या रॉडा कंपनीची पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. कंपनीकडे प्रत्येक पिस्तुलाच्या क्रमांकाची नोंद होती, म्हणून पुढे पिस्तूल सापडले की ते याच चोरीतले आहे हे ओळखता येई. ज्या शस्त्राचा क्रमांक लिहिलेला आहे ते कुठेही गेले तरी आपला माग ठेवते. ज्याच्यापुढे "क्रमांक नाही" असे लिहिले आहे ते हरविले तर हरविलेच.

आजच्या कायद्यातही हाच विचार आहे. कलम ८ अन्वये बंदुकीवरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे गुन्हा आहे आणि अशी चिन्हे नसलेले अग्निशस्त्र विकता वा हस्तांतरित करता येत नाही. एवढेच नव्हे, तर चिन्ह नसलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते पुसले असे गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आता लिएजच्या एखाद्या गरीब कारागिराने घडीच्या बंदुकीवर क्रमांक घातलाच नसेल, तर जबलपूरच्या वारसाने ते सिद्ध कसे करायचे? त्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे परीक्षणगृहाचे ठसे. आणि नेमके तेच ठसे बंदूक "चकचकीत" करण्याच्या नादात घासून काढलेले असतात.

बंदूक शंभर वर्षांची झाली की परवाना लागत नाही, हाही एक गोड गैरसमज आहे. कलम ४५ मधील सूट कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे, पण ते दुरुस्तीसह वा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. बारा बोअरचे आजचे काडतूस जिच्यात बसते ती बंदूक शतक ओलांडूनही परवान्याच्या कक्षेतच राहते. वारसांसाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही हीच मर्यादा घातली. ज्या घरात तीन होत्या तेथे एक जमा करणे भाग पडले. कोणती करणार? पैशात जिची किंमत नाही आणि कागदावर जिला नाव नाही ती. घडीची बंदूक मालखान्याकडे सर्वांत आधी निघते ती अशी.

जमा झालेली बंदूक एक तर गंजते किंवा विल्हेवाटीच्या यादीत जाते. पण नोंद मोघम असेल तर तिसरी वाटही उघडी राहते. २०१८ साली बिहारमधील मुंगेर येथे पोलिसांनी एके-४७ रायफली पकडल्या, तेव्हा तपासाचा धागा जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारापर्यंत आला. तेथील निकामी ठरविलेल्या शस्त्रांचे भाग बाहेर नेऊन रायफली पुन्हा उभ्या केल्याचा आरोप झाला आणि तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. एके-४७ पुढे घडीची बंदूक म्हणजे खेळणे. तरीही धडा तोच आहे: "निकामी" किंवा "जुने" हा शब्द लिहिल्याने शस्त्राची ओळख संपत नाही, संपते ती आपली देखरेख.

मग करावे काय? फार खर्चिक असे काहीही नाही. नूतनीकरणाच्या किंवा वारसनोंदीच्या वेळी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून जाणकार शस्त्रकाराने नळी वेगळी करावी आणि झाकलेल्या ठशांचे जवळून छायाचित्र घ्यावे. ते परवान्याच्या फाइलीत आणि शक्य तेथे संगणकीय नोंदीत जोडावे. परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद करताना प्रत्येक परवानाधारकाला एकमेव क्रमांक मिळाला हे उत्तम झाले, पण माणसाला क्रमांक मिळाला तरी बंदुकीचे वर्णन "विलायती" एवढेच राहिले तर काम अर्धवटच राहते. वर्णनात नळीची लांबी, बोअर, उघडण्याची पद्धत, घडी होते की नाही, ठशांची आकृती आणि विक्रेत्याचे नाव एवढ्या बाबी असाव्यात. लांबी यासाठी, की वीस इंचांपेक्षा कमी नळीला कायदा वेगळी वागणूक देतो आणि पूर्वी कोणी नळी कापली असेल तर ते तेव्हाच कळेल. शंका राहिली तर सागरची राज्य न्यायसहायक प्रयोगशाळा जबलपूरपासून दूर नाही. आणि वारसाला आवर्जून सांगावे, की ठसे पॉलिश करू नका आणि जुन्या काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीत आजचे काडतूस उडवू नका. त्यात बोटे आणि डोळे जातात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. राइट टाउनमधील एका घरात घडीची बंदूक आहे. घरची समजूत "सत्तावनची", नोंदवहीत "विलायती, १९३६". ठशांत मुकुटासह लंबवर्तुळ, ताऱ्याखाली अक्षर आणि वर्षाचे लहान आठवे अक्षर. नळीवर कलकत्त्याच्या दुकानाचे नाव. चार ओळींत निष्कर्ष निघतो: बंदूक लिएजची, परीक्षण १९२९ चे, विक्री कलकत्त्याची, नोंद जबलपूरची. सत्तावनचा मान तिच्याकडून गेला. त्या बदल्यात नातवाला कायद्यापुढे उभे राहण्यासाठी पुरावा मिळाला आणि आजोबा गुन्हेगार नव्हते हे कागदावर आले.

जमिनीचा सातबारा आपण पिढ्यान् पिढ्या जपतो, कारण त्याच्या एका ओळीवर घर उभे असते किंवा मोडते. शस्त्राच्या नोंदीलाही तीच किंमत आहे. ज्या कारकुनाने "विलायती" असे लिहून पान उलटले त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कोणी भिंग दिले नव्हते आणि ठसे वाचायला शिकविले नव्हते. आज छायाचित्र काढणारे यंत्र प्रत्येक कारकुनाच्या खिशात आहे. पुढची नोंद तरी त्याने बंदूक उलटी करून, पाहून लिहावी.